जखमी हंसाचा सातबारा कोणाच्या नावे?



या लेखात आम्ही आमच्या वस्तीचे नाव दिलेले नाही, तालुक्याचेही दिलेले नाही. आम्ही कोणाची चोरी केली नाही की कोणाची गंजी पेटवली नाही. पंख मोडलेल्या एका रानपाखराला आमच्या वस्तीवरच्या चार घरांनी अडीच महिने सांभाळले, एवढेच काय ते केले. पण कायद्याचे पुस्तक उघडून बसले तर तेवढ्यावरही खटला उभा राहू शकतो. म्हणून नाव झाकून लिहितो आहोत. जिल्हा बैठकीत यावर बोलणे व्हावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

गोष्ट डिसेंबर २०२३ ची. मराठवाड्यातल्या एका धरणाच्या फुगवट्याकाठी आमची वस्ती आहे. त्या साली पावसाने ओढ दिली होती. नाथसागरासारखा समुद्र निम्माही भरला नाही, तिथे आमच्या धरणाची काय कथा? कापसाची दोन वेचण्यांतच उलंगवाडी झाली. लांब धाग्याला ७,०२० रुपये हमीभाव जाहीर झालेला आणि बाजारात बोली त्याच्या आत. पाणी लवकर मागे हटले म्हणून गाळपेर जमीन तेवढी लवकर उघडी पडली. त्यात आम्ही हरभरा टाकला, थोडी ज्वारी टाकली. घरात जे काही येईल ते या गाळातूनच, अशी अवस्था होती.

आणि त्याच हरभऱ्यावर हंस उतरले.

आमच्याकडे नुसते हंस म्हणतात, कोणी राजहंसही म्हणते. पुस्तकातले नाव पट्टकादंब. अंग राखाडी, डोके पांढरे आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पाय आणि चोच पिवळसर नारिंगी. वजन दोन ते तीन किलो. मंगोलिया, तिबेट, लडाख इथल्या उंचावरच्या तळ्यांकाठी यांची वीण होते आणि थंडी पडली की हिमालय ओलांडून ते आपल्याकडे येतात. नाथसागरावर येतात, उजनीवर येतात, विदर्भातल्या तलावांवरही येतात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या अंगावर छोटी यंत्रे बांधून पाहिले. एका हंसाची नोंद ७,२९० मीटर उंचीची मिळाली. परतीच्या वाटेवर हिमालयाचा चढ ते सात-आठ तासांत एका दमात चढतात, तेही पाठीशी वारा नसताना. त्यांचे रक्तच असे आहे की विरळ हवेतला प्राणवायू ते नीट धरून ठेवते.

हे सगळे ऐकायला छान वाटते. पण हा पाहुणा शाकाहारी आहे आणि रात्रीचा जेवायला येतो. दिवसभर थवा पाण्याकाठी बसून राहतो आणि दिवस मावळला की पिकात उतरतो. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाड फुटते हे आपल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे, पण हंस शेंड्यावर थांबत नाही. शंभर-दीडशेचा थवा दोन रात्री बसला की त्या तुकड्यात पुढे काय पिकणार ते सांगायला कोणी ज्योतिषी लागत नाही. रानडुकरांनी आणि रोह्यांनी पीक खाल्ले तर निदान पंचनाम्याचा कागद तरी फिरतो. हंसांनी खाल्ले म्हणून पंचनामा झालेला आमच्या भागात आम्ही पाहिलेला नाही.

अशा एका पहाटे राखणीला गेलेल्या पोरांना बांधाला लागून एक हंस पडलेला दिसला. वर विजेच्या तारा होत्या. अंधारात तो तारेला धडकला असावा. डावा पंख लोंबत होता, पंखावर रक्त होते आणि जवळ गेले की मान लांब करून फिस्कारत होता.

उचलावा की नाही, इथूनच वाद सुरू झाला. ज्यांचा हरभरा सगळ्यात जास्त गेला होता ते तात्या म्हणाले, "माझं रान खाऊन बसला, आन् आता त्यालाच पाव्हणा करता व्हय?" तात्यांचे म्हणणे आजही तेच आहे आणि ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमच्यातलाच एक जण म्हणाला की तसाच राहू द्या, रात्री कोल्हे घेऊन जाईल, रानाचा नियमच तो. हेही खोटे नाही. पण तार काही रानाची नव्हती, ती माणसांनीच ओढलेली. शेवटी थोरल्या वहिनींनी वाद मिटवला. त्यांनी पाखरावर गोणपाट टाकले, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांत धरले आणि घरी आणून डालग्याखाली ठेवले. "आधी अंधार करा. घाबरूनच मरंल ते," एवढेच बोलल्या.

शहरातल्या विद्वानांना इथे कोडे पडते. हाच शेतकरी ज्वारीत माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हुसकावतो आणि हाच जखमी पाखरू घरी आणतो, मग याचे पाखरांवर प्रेम आहे की वैर? आम्हाला यात कोडे दिसत नाही. पीक राखायचे असते आणि दारात पडलेल्याला पाणी द्यायचे असते. आपली आई दोन्ही करीत होती.

आता सांभाळले कसे, ते जरा सविस्तर सांगतो. आज ना उद्या तुमच्याही बांधावर अशी वेळ येईल आणि आम्ही केलेल्या चुका तुम्ही करू नयेत.

पहिली चूक पाण्याची होत होती. पोरांनी चोच उघडून चमच्याने पाणी घालायला घेतले. असे करू नये. पाणी श्वासनळीत उतरते आणि पाखरू गुदमरते. पसरट भांड्यात पाणी ठेवावे, त्याचे ते पिते. दुसरी चूक कामट्यांची. शेळीचा पाय मोडला की आपण बांबूच्या कामट्या बांधतो, तशाच पंखाला बांधायची तयारी झाली होती. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे निघाले. त्यांनी पंख चाचपला आणि सांगितले की कोपराच्या पुढे दोन हाडे असतात, त्यातले एकच मोडले आहे, दुसरे शाबूत आहे. तेच शाबूत हाड कामटीचे काम करील. पंख जसा बसलेल्या पाखराचा मिटलेला असतो तसा मिटवून मऊ पट्टीने आठच्या आकड्यासारखे वेढे द्यायचे, मग अंगाभोवती एक सैल वेढा. सैल का, तर पाखराला माणसासारखा श्वासपटल नसतो. छाती वरखाली होते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. छाती आवळली की खेळ संपला.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. पाखरांची काही हाडे पोकळ असतात आणि खांद्याजवळच्या हाडातली पोकळी थेट श्वासाच्या पिशव्यांना जोडलेली असते. तिथे उघडी जखम असली तर औषधाचे पाणी ओतायचे नाही, ते आत जाऊन पाखरू बुडते. आणि बैलाचे दुखण्याचे औषध चुकूनही द्यायचे नाही. डायक्लोफिनॅकने आपली गिधाडे कशी संपली ते आपल्याला माहीत आहे. मेलेल्या गुरात राहिलेले औषध त्यांना पुरले. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोपर्यंत बहुतेक गावांचे आकाश रिकामे झाले होते.

खाण्याचा प्रश्न त्याने स्वतःच सोडवला. दोन दिवस तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी हरळी खाल्ली, मग घास, मग पाण्यात भिजवलेली ज्वारी. हरभऱ्याचा पाला समोर धरला की मान पुढे यायची, आणि तात्या कपाळावर हात मारायचे. भाकरी, दूध, तिखटमिठाचे काही द्यायचे नाही. थोडी बारीक वाळू ठेवायची, दाणा दळायला ती पोटात लागते. हंस खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो, त्यामुळे खालचा भुसा आणि गोणपाट रोज बदलावे लागते. कडक जमिनीवर ठेवले तर तळपायाला फोड येतात. आमच्या हंसाला एक आलाच. तो बरा व्हायला पंखापेक्षा जास्त दिवस लागले.

तीन आठवड्यांनी पट्टी सोडली. त्यापुढे बांधून ठेवले तर हाड जुळते पण सांधा धरतो आणि पाखरू जन्माचे पांगळे होते. नंतर रोज बैलांच्या हौदात सोडायचे. पाण्यात बसल्याशिवाय पिसांना तेल लागत नाही आणि तेल नसलेले पीस भिजते. तीन मोठी पिसे मात्र मोडलेलीच राहिली. हंसाचे मोडलेले पीस लगेच उगवत नाही. उन्हाळ्यात वीण आटोपली की उडण्याची सगळी पिसे एकदम झडतात आणि नवी येतात, तोवर वाट पाहावी लागते.

एका धोक्याकडे आम्ही आधी पुरेसे लक्ष दिले नव्हते. या हंसांच्या जातीत बर्ड फ्लू पूर्वी पसरलेला आहे. २००५ साली चीनमधल्या चिंगहाय सरोवरावर हे हंस मोठ्या संख्येने मेले. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातल्या पोंग धरणावर हजारोंनी पाखरे मेली, त्यातही बहुतेक हेच होते. आणि २००६ साली नवापूरच्या कोंबडीपालकांचे काय हाल झाले ते खानदेशातल्या भावांना विचारा. म्हणून जखम दिसत नाही, नुसते मलूल आहे, मान वाकडी झाली आहे, असे पाखरू उचलू नये, लगेच गुरांच्या डॉक्टरांना कळवावे. जखमी असले तरी कोंबड्यांपासून लांब ठेवावे, तोंडाला फडके बांधावे, हात साबणाने धुवावेत. आम्ही खुराडे गोठ्याच्या पलीकडे हलवले, पण ते चौथ्या दिवशी. नशीब, काही झाले नाही.

आता मुद्द्याचे.

दुसऱ्या दिवशी आमच्यातले दोघे सरकारी कचेरीत वर्दी द्यायला गेले. कोणत्या कचेरीत, ते सांगत नाही. पहिला प्रश्न आला, "पकडला कसा?" पाखरू कसे आहे हे कोणी विचारले नाही. मग म्हणाले, घेऊन या. इथे ठेवणार कुठे, असे विचारले तर उत्तर नाही. गाडी पाठवा म्हटले तर गाडी नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवर रानप्राण्यांचे उपचार केंद्र आहे, पुण्याजवळ बावधनला आहे. मराठवाड्यातून पुणे दोनशे किलोमीटरच्या वर आणि नागपूर पाचशेच्या घरात. मोडक्या पंखाचे पाखरू तिथवर पोचेल तेव्हा उपचाराची गरज उरायची नाही. शेवटी एकाने बाजूला घेऊन सांगितले, "ठेवा तुमच्याकडेच. पण आम्ही सांगितलं असं कुठं बोलू नका." कागद मागितला तर हसले.

तो माणूस भला होता. त्याच्या अंगावर मैलोगणती रान, वापरायला स्वतःची मोटारसायकल आणि पेट्रोलही पदरचे. त्याच्यावर आमचा राग नाही. आमचा राग आहे तो त्याला आणि आम्हाला एकाच वेळी चोर बनवणाऱ्या व्यवस्थेवर.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. या कायद्यात शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे, पकडणे हीही शिकारच. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड. वरच्या अनुसूचीतला प्राणी असेल तर त्याहून कडक. कलम ३९ असे सांगते की बंदिवासात ठेवलेला किंवा मेलेला सापडलेला रानप्राणी ही सरकारी मालमत्ता. ती कोणाच्या ताब्यात आली तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे आणि मागितली तर देऊन टाकायची.

भावांनो, या कलमाचा अर्थ शेतकऱ्याच्या भाषेत लावून बघा. हंस मोकळा असतो, रात्रभर आमचा हरभरा खातो, तेव्हा त्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. त्यामुळे नुकसान मागायचे कोणाकडे? तारेला धडकून तडफडतो, तेव्हाही तो कोणाचा नाही. ज्या क्षणी थोरल्या वहिनी त्याच्यावर गोणपाट टाकून घरी आणतात, त्या क्षणी तो सरकारचा होतो आणि वहिनी संशयित होतात. खाण्याचा खर्च आमचा, राखण आमची, जोखीम आमची आणि मालकी तेवढी सरकारची.

कोणी म्हणेल, तुम्ही उगाच बागुलबुवा उभा करता, चांगल्या माणसाला सरकार काही करीत नाही. मग उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यात काय झाले ते आठवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या एका तरुणाला शेतात पाय मोडलेला सारस सापडला. सारस हा त्या राज्याचा राज्यपक्षी. त्याने त्याला बरे केले. सारस मोकळाच होता, तरी तो त्या तरुणाच्या मागे मागे फिरू लागला. त्याची चित्रे देशभर गेली. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने सारस नेला, आधी रायबरेलीकडच्या समसपूर अभयारण्यात, मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात. त्या तरुणावर गुन्हाही नोंदवला गेला. मोकळे राहावे म्हणून नेलेले पाखरू शेवटी जाळीच्या आत गेले, आणि त्या प्रकरणातून देशभरच्या शेतकऱ्यांना धडा एकच मिळाला, की पाखरू पडलेले दिसले तर मान वळवून पुढे चालायचे. कायद्याने असा धडा दिला तर त्यातून रक्षण कोणाचे झाले?

आता जे आपल्याला टोचेल तेही बोलू. कायदा आकाशातून पडलेला नाही. दाण्याला कीटकनाशक चोळून पाखरे मारणारे आपल्यातच आहेत. फुगवट्यात जाळी लावून हंस धरणारे आणि ढाब्यांना विकणारे आहेत. कुंपणात वीज सोडणारे आहेत. शिकारीवर बंदी नको असे आम्ही म्हणत नाही. शिवाय पाखरू बरे झाल्यावरही ठेवून घेण्याचा मोह आम्हालाही झाला. पोरांनी त्याला नाव ठेवायला घेतले तेव्हा वहिनींनी दटावले. माणसाळलेला हंस थव्यात गेला तर माणूस दिसल्यावर उडत नाही, आणि प्रत्येक माणसाच्या हातात भिजवलेली ज्वारी नसते. अमेठीच्या सारसाबाबत अधिकाऱ्यांना हीच काळजी असेल तर ती खोटी नव्हती. पण काळजी घेण्याची रीत गुन्हा नोंदवण्याची नव्हे.

आमचे म्हणणे फार मोठे नाही. कळवण्याची अट राहू द्या, ४८ तासांचीच राहू द्या. पण वर्दी गावच्या पोलीस पाटलाकडे देता यावी आणि त्याने त्याच जागी तारखेची पावती द्यावी. ती पावती हातात असेल तोवर सांभाळणाऱ्यावर खटला नाही. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरला असे पाखरू तपासण्याचा आणि कागदावर लिहिण्याचा अधिकार हवा. आमच्या डॉक्टरांनी उपचार केले, पण चिठ्ठीवर "गावठी बदक" असे लिहिले. एवढ्या शिकलेल्या माणसावर ही पाळी यावी? आणि खर्चाचेही बोलावे. पट्ट्या, औषध, दोन फेऱ्यांचे पेट्रोल, घासाच्या पेंढ्या मिळून आमचे हजाराच्या आसपास रुपये गेले. ते आम्हाला नकोत. पण ज्याच्या घरात त्या साली हजार रुपयेच नसतील, त्याने काय करावे?

आमच्या वस्तीवर दर हिवाळ्यात लांब नळीचे कॅमेरे घेऊन गाड्या येतात. माणसे सभ्य असतात, नमस्कार करतात, फोटो काढताना हरभऱ्यातून चालतात. त्यातल्या एकाने गोठ्यातला हंस पाहिला आणि म्हणाला, "हे बेकायदेशीर आहे, माहीत आहे ना?" आम्ही म्हटले, माहीत आहे, तुम्ही घेऊन जाता का? तो गेला. पोरांनी आठ दिवस रस्त्याकडे डोळे लावले होते, कोणी पकडायला येते की काय म्हणून.

फेब्रुवारीत हंस गोठ्याच्या बाहेर पंख झाडू लागला. संध्याकाळी थवा डोक्यावरून जाताना हाक देई आणि हा खालून उत्तर देई. मार्च २०२४ च्या पहिल्या आठवड्यात त्याला पहाटे पाण्याकाठी नेऊन सोडले. आधी चालला, मग धावला, मग शेताच्या एका तासाएवढा खालून उडाला आणि पाण्यावर बसला. थवा बराच पलीकडे होता. दुपारपर्यंत तो पोहत पोहत त्यांच्यात गेला. त्यांनी घेतला की नाही, ते इतक्या लांबून कळले नाही.

होळीच्या सुमारास थवा गेला. त्यानंतर आठ दिवस पलीकडच्या काठाला एकच हंस दिसत होता. तो आमचाच होता की दुसरा कोणी, ते सांगता येत नाही. तात्या रोज सकाळी बांधावर उभे राहून बघायचे, का ते त्यांनी सांगितले नाही. मग तोही दिसेनासा झाला.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या गावात असे काही घडले असेल, मग हंस असो, मोर असो की हरणाचे पाडस, त्यांनी तारीख, कोणाला कळवले आणि काय उत्तर मिळाले, एवढे कागदावर लिहून आणावे. सरकारी शिक्क्याची पावती कोणाला मिळाली असेल तर तीही आणावी. आमच्याकडे दाखवायला फक्त गावठी बदकाची चिठ्ठी आहे.